कॅनिस्टर फिल्टरच्या पंपातून पाणी गळतंय, घरी दुरुस्त होईल का?

निळा_गप्पी:
नमस्कार मंडळी. माशांच्या टँकखालच्या कपाटात कॅनिस्टर फिल्टर आहे, म्हणजे पाणी गाळणारा बंद डबा, ज्याचा पंप वरच्या झाकणातच असतो तो. मागे साफ करून परत लावला तेव्हापासून खाली पाणी जमतंय, जोरात नाही पण थेंब थेंब चालूच, सकाळी उठून बघावं तर ट्रेमध्ये वाटीभर पाणी. पंप नीट चालतोय, आवाज पण नेहमीचाच. गळतं कुठून तेच कळत नाहीये कारण हात लावावा तिथे ओलं. बाथरूमच्या कामातून उरलेली सिलिकॉनची ट्यूब घरात आहे, ती झाकणाच्या फटीवर बाहेरून मारली तर चालेल का? आणि फिल्टर बंद ठेवला तर माशांचं काय, एंजल आहेत, खाली कोरी आहेत. चांगली चालणारी वस्तू टाकून द्यायला जीव होत नाही.

टँकवेडा:
आधी प्लग काढा, बाकीचं सगळं नंतर. कपाटात पाणी आणि एक्स्टेंशन बोर्ड शेजारी शेजारी असतील तर बोर्ड उचलून वर भिंतीला लावा आणि वायरला सॉकेटच्या खालपर्यंत झोळ पडू द्या, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी झोळापाशी टपकतं, सॉकेटात शिरत नाही. लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) नसेल तर तो बसवून घ्याच, मासे पाळणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगतो.

बाथरूमचं सिलिकॉन नको म्हणजे नकोच. त्यात बऱ्याचदा बुरशी मारणारं औषध असतं, ते माशांना घातक. आणि समजा अॅक्वेरियमचं सिलिकॉन आणलं तरी बाहेरून मारून उपयोग नाही, पाण्याचा दाब आतून येतो, तो थर हळूहळू सुटतो आणि वर झाकण उघडायची पंचाईत.

आता गळती शोधा. फिल्टर कापडाने पूर्ण कोरडा करा, सगळ्या जोडांवर टिश्यू पेपरच्या पट्ट्या गुंडाळा, व्हॉल्व्ह उघडे पण पंप बंद, आणि तासभर वाट बघा. टँकचं पाणी फिल्टरच्या मीटरभर वर असेल तर पंप बंद असतानाही साधारण ०.१ बार दाब आत असतोच, त्यामुळे जी पट्टी पहिली भिजेल तिथे दोष. काहीच भिजलं नाही तर पंप चालू करून परत बघा, मग बहुतेक बाहेर जाणाऱ्या पाइपचा जोड निघतो. पाइपच्या वरच्या टोकाला पण एक पट्टी लावा हं, कित्येकदा पाणी टँकच्या काठावरून पाइपवरून ओघळत खाली येतं आणि आपण उगाच फिल्टर खोलत बसतो.

जलपर्णी:
साफ केल्यानंतर सुरू झालं म्हणताय म्हणजे माझ्या मते झाकणाची ओ-रिंग, म्हणजे खाचेत बसणारी रबरी सीलची रिंग. ती काढून उजेडात धरा आणि बोटांच्या चिमटीतून पूर्ण गोल फिरवा, नवी असते तेव्हा सगळीकडे गोल लागते, जुनी झाली की एका बाजूला सपाट कड बोटाला कळते. खाचेत पण बघा, वाळूचा एक कण किंवा केस अडकला तरी पाणी तिथूनच वाट काढतं. पुसून सिलिकॉन ग्रीस लावा, रिंग चमकेल इतकंच, थापायचं नाही. व्हॅसलिन लावू नका, पेट्रोलियममुळे काही जातीचं रबर फुगून सैल पडतं. आणि झाकणाचे क्लिप समोरासमोरचे जोडीने लावा, एका बाजूने लावत गेलात तर झाकण तिरकं बसतं.

कोरल_काका:
मोटरबद्दल थोडं सांगतो, कारण इथेच लोक नको तिथे चिकटवाचिकटवी करतात. या पंपात मोटरची कॉइल इपॉक्सीत पूर्ण बंद असते आणि इंपेलर (पाणी ढकलणारा छोटा पंखा) चुंबकाने फिरतो, मध्ये प्लास्टिकची भिंत. मोटरमधून आरपार जाणारा दांडाच नाही, म्हणून तिथे सील खराब व्हायचा प्रश्न येत नाही. पण मोटरच्या अंगाला तडा गेलाय, फुगवटा आलाय, किंवा पाण्यात बोट घातल्यावर झिणझिण्या येतात, असं काहीही दिसलं तर तो भाग टाकायचा, चिकटवून परत पाण्याजवळ लावायचा नाही. जीवाशी खेळ आहे तो.

पाइपचा जोड गळत असेल तर सोपं आहे. टोक कडक झालेलं असतं, २-३ सेंटीमीटर कापा, गरम पाण्यात मऊ करून शेवटपर्यंत दाबून बसवा, वर क्लिप. नोझलला चीर असेल तर तेवढा भाग नवा घ्या.

निळा_गप्पी:
सगळ्यांचे खूप आभार! झाकणाच्या एका क्लिपजवळची पट्टी पहिली भिजली. उघडून बघितलं तर खाचेत जावा मॉस या पाणवनस्पतीचा बारीक धागा, आणि नेमकी तिथेच रिंग चपटी. साफ करून ग्रीस लावलं, गळती कमी झाली पण बंद नाही. नवी रिंग मागवलीय, दोन-तीन दिवस लागतील. तोवर फिल्टर तसाच चालवू का बंद ठेवू?

जलपर्णी:
बंद ठेवा, रात्रीत वाढली तर? पण मीडिया (फिल्टरमधला स्पंज, दगड वगैरे, ज्यावर पाणी साफ ठेवणारे जिवाणू असतात) बंद डब्यात ठेवू नका, ऑक्सिजन संपला की ते जिवाणू मरतात आणि ते सडकं पाणी पुढे टँकमध्ये जातं. बादलीत टँकचंच पाणी घेऊन त्यात मीडिया आणि एक एअरस्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड). नळाचं नको, क्लोरीन असतं. टँकमध्ये पण एअरस्टोन लावा, खाणं निम्म्यावर आणा, अमोनिया रोज तपासा आणि वाढलेला दिसला की थोडं पाणी बदला.

टँकवेडा:
आणि नवी रिंग बसवल्यावर पहिली रात्र फिल्टर मोठ्या टबात ठेवूनच चालवा, खाली कोरडा टिश्यू पसरून. सकाळी तो कोरडा दिसला की मगच कपाटात.