फुरसुंगीची पाटी दिसली आणि... तुमच्या फास्टर फेणेच्या आठवणी सांगा

जाईजुई
परवा कोयना एक्सप्रेसने कराडला चालले होते. सासवड रोड मागे पडलं आणि गाडी सिग्नलला अडकली. खिडकीबाहेर पिवळी पाटी, काळी अक्षरं : फुरसुंगी. या मार्गाने कितीदा गेलेय, पण पाटी अशी अगदी समोर येऊन कधी उभी राहिली नव्हती. जीभ आपोआप टाळ्याला लागली. फास्टर फेणे करतो तसं, ट्टॉक्! जरा मोठ्यानेच. समोरच्या बाकावर एक आजोबा डोळे मिटून बसले होते. डोळे न उघडताच त्यांनी उत्तर दिलं, ट्टॉक्!

माझा मुलगा (वय 10) आमच्या दोघांकडे बघतच राहिला. मग सातारा येईपर्यंत आम्ही त्याला भा. रा. भागवतांच्या पुस्तकांतला बनेश ऊर्फ फास्टर फेणे कोण, तो फुरसुंगीहून पुण्याला विद्याभवनात कसा आला, हे सगळं सांगितलं. आजोबा साताऱ्याला उतरले. नाव विचारायचं राहून गेलं.

मला गोवर झाला होता तेव्हा दादाने मला 'प्रतापगडावर फास्टर फेणे' वाचून दाखवलं होतं. मी तिसरीत. लायब्ररीतल्या त्या प्रतीची शेवटची पानं कुणीतरी फाडलेली. दादाने शेवट मनाने रचून सांगितला आणि मला मोठी होईपर्यंत तोच खरा वाटत होता. दादाला जाऊन आता चार वर्षं झाली. पाटी बघून हे सगळं एकदम वर आलं, म्हणून लिहितेय. तुम्ही कधी वाचलात? कुणी दिलं? आता परत वाचताना काय वाटतं? सगळं लिहा.

डबल सीट
ट्टॉक्!!!

शाईचा डाग
जाईजुई, दादाबद्दल वाचून गलबललं.

माझं पहिलं 'चिंकूचे चाळे'. मामाने आणलं होतं. रात्री दिवा घालवल्यावर मोरीतल्या दिव्याच्या उजेडात दारात बसून संपवलं. आजी उठली, मला दारात बघून घाबरली. "पोट दुखतंय का गं?" मला हसू आवरत नव्हतं म्हणून पोट धरलं होतं! तिने ओवा चावायला दिला. मी तोही खाल्ला, सांगते काय तिला.

नर्मदेपारचा
इंदूरहून नमस्कार. एक गोष्ट अभिमानाने सांगतो, भा. रा. भागवतांचा जन्म आमच्या इंदूरचा, 1910 चा. आमच्या घरी बोलणं मराठी आणि शाळा हिंदी, त्यामुळे मराठी वाचायला मी फास्टर फेणेवरच शिकलो. जोडाक्षरांना अडखळायचो. पण पुढे काय होतं ते कळायला हवं म्हणून रेटत वाचायचो. ट्टॉक् हा शब्दच बघा की, ट ला ट, आणि शेवटी पाय मोडलेला क. वडिलांनी त्या एका शब्दावर मला जोडाक्षर आणि हलन्त दोन्ही शिकवलं.

मास्तरीण
नर्मदेपारचा, वा! हे मी उद्या वर्गात वापरणार.

पाचवी-सहावीला मराठी शिकवते, म्हणून माझं मत थोडं सविस्तर. फास्टर फेणे मुलांना का आवडतो यावर मोठी माणसं नेहमी 'साहस' म्हणतात. मी गेली 14 वर्षं मुलांना वाचून दाखवतेय, मुलं थांबतात ती भाषेपाशी. शीर्षकं बघा. 'गुलमर्गचे गूढ', 'काश्मिरी करामत', 'चिंकूचे चाळे'. फुरसुंगीचा फास्टर फेणे, तीन फ! एकदा हे मुलांच्या लक्षात आलं की वर्गातल्या प्रत्येकाला तसं नाव हवं असतं. सासवडची सुसाट अमुक, भोरचा भन्नाट तमुक. अनुप्रास ही व्याख्या मला वेगळी शिकवावीच लागत नाही.

दुसरं म्हणजे तो किडकिडीत आहे. हे फार महत्त्वाचं. वर्गातला सगळ्यात बारका मुलगा ताठ बसून ऐकतो. बनेशकडे ताकद नाही, त्याच्याकडे पाय आहेत, सायकल आहे आणि टकुरं आहे. संकटात सापडला की तो आधी विचार करतो, मग पळतो. आणि लेखक त्याची थट्टा करतो ती घरातल्या काकाने करावी तशी. मूल हसतं, पण बनेश त्याच्या नजरेतून उतरत नाही. मुलांसाठी विनोदी लिहिताना हे साधणं फार कठीण आहे. पुष्कळ पुस्तकांत विनोद म्हणजे जाड्या मुलाला हसायचं आणि तोतऱ्याला चिडवायचं, ती मी वर्गात नेतच नाही.

दोन बाकं मागे
मास्तरीणबाई, तो बारका मुलगा मीच. म्हणजे तुमच्या वर्गातला नाही, पण सगळ्या वर्गांत असतो तो. सहावीत मला काडी म्हणायचे. फाफे (फास्टर फेणे) वाचल्यावर रोज शाळेला पळत जायला लागलो, दीड किलोमीटर. आठवीत तालुक्याला 800 मीटरमध्ये दुसरा आलो. काडी म्हणणं बंद.

डबल सीट
दोन बाकं मागे 👏 पहिला कोण आला?

दोन बाकं मागे
धनगरवाड्यावरचा एक होता. अनवाणी पळायचा. त्याला हरवणं शक्यच नव्हतं. पुढे माझा जिवलग दोस्त झाला, अजून आहे.

चिंचेखाली
थोडं वेगळं मत मांडते, रागावू नका. गेल्या मे महिन्यात लेकीसाठी संच आणला, वीसच्या वीस पुस्तकं. मी परत वाचायला बसले. काही ठिकाणी योगायोग फार वाटले. बनेश जिथे जातो तिथे चोर हजर. आणि माली सोडली तर मुली फारशा दिसत नाहीत. लेकीने चौथ्या पुस्तकाला विचारलं, "आई, हिला का नाही नेत सगळीकडे?" मला उत्तर देता आलं नाही.

पण तिने वाचणं सोडलं नाही, तेही सांगते. विसाव्यापर्यंत गेली.

शाईचा डाग
चिंचेखाली, मुलींचं पटलं. मी लहानपणी वाचताना स्वतःलाच बनेश समजत होते, त्यामुळे मुलगी नाही हे जाणवलंच नाही. आज लेकींना जाणवतं, हे बरंच आहे.

योगायोगाचं मात्र नाही पटत. मुलं सुट्टीत गावाला निघतात तेव्हा त्यांना वाटेत चोर सापडायलाच हवा असतो.

अटलांटिकपार
न्यू जर्सीतून. इथे रविवारच्या मराठी शाळेत आम्ही 'गुलमर्गचे गूढ' घेतलं होतं. मुलांना मराठी समजतं, वाचता जेमतेम येतं. एका मुलीने विचारलं, "फुरसुंगी इज अ रिअल प्लेस?" नकाशावर दाखवलं. तेव्हा सगळ्यांचे डोळे असे झाले! त्यांना वाटत होतं की गोष्टीतली गावं खोटीच असतात. आता डिसेंबरात भारतात गेली की दोघीतिघी तिथे जाऊन फोटो काढणार आहेत.

माझ्यापुरतं सांगायचं तर मी काश्मीर आधी फास्टर फेणेत पाहिलं. खरं काश्मीर पाहिलं ते लग्नानंतर, आणि गुलमर्गला उतरल्यावर नवऱ्याला म्हटलं, मी इथे येऊन गेलेय.

रानमेवा
जाईजुई, त्या बाजूला गेलीस तर सीताफळं आणलीस की नाही? सीझन आहे आत्ता.

जाईजुई
रानमेवा, अगं रेल्वेने गेले, सासवडला उतरले नाही 🙂 पण येताना भावजय एसटीने येणार आहे, तिला सांगितलंय.

रानमेवा
पुरंदरची घे. डोळे मोठे असलेली बघून घे, गर जास्त असतो. एक दिवस तांदळाच्या डब्यात ठेव.

मुळामुठा
मी फुरसुंगीचाच. आमच्या गावाचं नाव निघालं की गेली कित्येक वर्षं लोक पहिल्यांदा कचरा डेपो म्हणतात. वास, माश्या, विहिरींचं खराब झालेलं पाणी, आंदोलनं, सगळं आम्ही भोगलंय, त्यावर लिहायला बसलो तर रात्र पुरणार नाही. म्हणून कुणी फुरसुंगी ऐकून ट्टॉक् करतं तेव्हा किती बरं वाटतं ते तुम्हाला नाही कळायचं. कॉलेजला पहिल्या दिवशी सरांनी गाव विचारलं. सांगितलं तर सर हजेरीपट ठेवून म्हणाले, "अरे, फेण्यांचा बनेश तुमच्यातलाच की!" सगळा वर्ग हसला आणि मला मित्र मिळाले. एका लेखकाने गावाला दिलेली ही देणगी आहे. मी मनापासून ऋणी आहे.

जाईजुई
मुळामुठा, तुमचं वाचून फार भरून आलं. पुढच्या वेळी गाडी थांबली तर तुमच्यासाठीही एक ट्टॉक्.

खारे दाणे
सिरियल कुणी कशी काढली नाही अजून? दूरदर्शन, 80 चं दशक, सुमीत राघवन! आमच्या चाळीत टीव्ही एकांकडेच. सतरंजीवर 20-25 पोरं. त्याने ट्टॉक् केलं की 25 ट्टॉक्. काकू हात जोडून म्हणायच्या, "पोरांनो, निदान डायलॉग तर ऐकू द्या!"

डबल सीट
आणि 2017 चा सिनेमा? अमेय वाघ मला आवडला.

चिंचेखाली
मला सिनेमा म्हणून आवडला, पण तो मोठा झालेला बनेश. मेडिकलच्या प्रवेश परीक्षेची गोष्ट, मारामाऱ्या. लेक अर्ध्यातच म्हणाली, "हा तो नाही." दिलीप प्रभावळकर भा. रा. म्हणून पडद्यावर आले तेव्हा मात्र मी एकटीने टाळ्या वाजवल्या.

खारे दाणे
एकटीने नाही, आमच्याकडेही वाजल्या होत्या, डोंबिवलीला.

मांडवीकाठ
म्हापशाहून. आमच्याकडे पुस्तकं मामा पुण्याहून आणायचा, वर्षातून एकदा, गणपतीला. त्यामुळे मला चतुर्थी म्हणजे माटोळी, नेवऱ्या आणि भा. रा. भागवत. फाफे तर होताच, पण मला त्याच्याइतकीच त्यांनी मराठीत आणलेली ज्यूल व्हर्नची पुस्तकं प्रिय. 'मुक्काम शेंडेनक्षत्र'! धूमकेतूला शेंडेनक्षत्र म्हणतात हे तिथे कळलं. 'पाताळलोकची अद्भुत यात्रा' वाचून आम्ही भावंडांनी परसात माडाखाली खड्डा खणायला घेतला. पाणी लागलं. बाबांनी तिथेच केळ लावली.

नर्मदेपारचा
'चंद्रावर स्वारी' पण! आणि लीलावती भागवतही मुलांसाठी लिहायच्या. त्या घरात जेवताना काय गप्पा होत असतील.

सायलेंट मोड
ऑफिसच्या बसमध्ये वाचतेय. पप्पा आयसीयूबाहेर आले तेव्हा त्यांना बोलता येत नव्हतं, नळी होती. दवाखान्यात भावाने लहानपणीचं पुस्तक आणून वाचायला सुरुवात केली. पप्पांनीच ते आम्हाला घेऊन दिलेलं. तिसऱ्या दिवशी भावाने ट्टॉक् मुद्दाम वगळलं तर पप्पांनी बोटाने पलंगाच्या कडेवर टक केलं. आम्ही दोघं रडलो आणि हसलो. आता पप्पा ठणठणीत आहेत, भाजी आणायला जातात. स्टॉप आला, जाते.

मास्तरीण
सायलेंट मोड, 🙏 पप्पांना माझा नमस्कार सांगा.

मुळामुठा
पप्पांना फुरसुंगीकरांकडून ट्टॉक्.

दोन बाकं मागे
आमच्या आजोबांना कवळी बसवल्यावर ट्टॉक् जमेना. नातवंडांनी फार मनावर घेतलं. रोज संध्याकाळी सराव. कवळी काढून जमतं, लावून नाही. मग असं ठरलं, की आजोबांचा ट्टॉक् फक्त झोपायच्या आधी.

खारे दाणे
😂😂 कवळीवाल्या आजोबांना साष्टांग

डबल सीट
सायकलबद्दल कुणीच कसं बोललं नाही! फाफे म्हणजे सायकल. आम्ही सदाशिव पेठेत तासावर सायकल घ्यायचो, तासाला 50 पैसे. दोघांनी 25-25 घालायचे, अर्धा तास तू, अर्धा तास मी. दुकानदार मनगटावरचं घड्याळ बघून पाटीवर खडूने वेळ लिहायचा. दोन मिनिटं उरली की जिवाच्या आकांताने पेडल मारत परत यायचं. ते बोळ, तो उतार, समोरून येणारा दूधवाला. तेव्हा मी फास्टर फेणेच असायचो. सायकलींचं शहर म्हणायचे पुण्याला, आता त्याच बोळात स्कूटर लावायलाही जागा नाही.

मांडवीकाठ
डबल सीट, पंक्चर झाली तर पैसे कोण भरायचं?

डबल सीट
ज्याच्या अर्ध्या तासात झाली तो. यावरून एका मित्राशी आठ महिने बोलत नव्हतो. मग त्यानेच मला 'चक्रीवादळात फास्टर फेणे' वाढदिवसाला दिलं.

चिंचेखाली
जाईजुई, सगळे बोलून झाले, पण तुझ्या दादाने रचलेला शेवट कुठे आहे? मी सकाळपासून त्यासाठी तीनदा येऊन गेले.

शाईचा डाग
हो ना, मीपण!

जाईजुई
कुकर लावलाय, तीन शिट्ट्यांत सांगते.

दादाच्या शेवटात फास्टर फेणे चोरांना पकडून देतो आणि प्रतापगडाच्या पायऱ्यांवरून सायकल उतरवतो. तिथून थेट महाबळेश्वर, पाचगणी, वाई, आणि रात्री कराडला आमच्या दारात. आई त्याला थालीपीठ आणि लोणी वाढते. तो म्हणतो, आता मला विमानाने दुसऱ्या कामगिरीवर जायचंय, सायकल कशी नेऊ? घरात गोवर आलेली एक मुलगी आहे ना, तिला द्या. ती बरी झाली की चालवेल. ट्टॉक्! आणि जातो.

मी इतकी लहान की गोवर उतरल्यावर खरंच अंगणात जाऊन बघितलं. होती सायकल. धुतलेली, पारिजातकाला टेकवून ठेवलेली. दादाची स्वतःची. त्याने हँडलवरचं नाव घासून काढलं होतं. पुढचं वर्षभर तो हायस्कूलला चालत गेला, आणि आई का ओरडते तेच मला कळायचं नाही.

खरा शेवट मी कॉलेजात असताना वाचला. चांगला आहे, पण मला माझाच हवा.

सायलेंट मोड
...

मुळामुठा
काय माणूस असेल.

दोन बाकं मागे
ताई, सायकल लेडीज होती की दांड्याची?

जाईजुई
दांड्याची. दांड्याखालून पाय घालून शिकले. मुलाला काल तीच दाखवली, कराडला माळ्यावर आहे अजून. ट्यूब गेलीय, चेन गंजलीय. उद्या दुकानात टाकतोय.