वजन तेवढंच आहे, पण पोट सुटतंय आणि अंगात ताकद राहिली नाही

मोगरा_डोंबिवली:
वय 44, उंची 155 सेंमी, वजन 54 किलो. म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) साडेबावीस, सगळे म्हणतात तू तर बारीक आहेस. पण लग्नानंतर वजन फारसं बदललं नाही तरी कंबर आता 86 सेंमी झालीय, ब्लाऊज दंडात ढगळ आणि ड्रेस पोटावर घट्ट. स्टेशनचा पूल चढताना धाप लागते, रात्री भांडी आवरेपर्यंत जीव अर्धा होतो. थायरॉइड नॉर्मल आहे. ऑफिसात दिवसभर खुर्ची, घरी ओटा. वजन वाढलेलं नसताना हे नक्की काय होतंय?

सायली_के:
ताई, काट्याला चरबी आणि स्नायू यातला फरक कळत नाही. दंड सैल आणि पोट घट्ट म्हणजे स्नायू कमी होऊन त्या जागी चरबी आली असणार. पुण्याचे मधुमेह संशोधक डॉ. याज्ञिक यांचा 2004 सालचा तो फोटो बघा, ते आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी युडकिन, दोघांचा बीएमआय 22.3, पण शरीरातली चरबी याज्ञिकांची 21.2 टक्के आणि युडकिनांची 9.1. दोघं पुरुष असले तरी मुद्दा आपल्याला तंतोतंत लागू पडतो. आपल्याकडे बायकांसाठी कंबर 80 सेंमीच्या आत हवी असं धरतात, तुमची त्यापुढे गेलीय, म्हणून साखर, बीपी, कोलेस्टेरॉल तपासून घ्याच. शिवाय चाळिशीनंतर इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन कमी व्हायला लागलं की चरबी मांड्यांवरून पोटाकडे सरकते, त्यात तुमचा काही दोष नाही. आणि हो, हिमोग्लोबिन केलंय का? 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयाच्या 57 टक्के बायकांना अ‍ॅनिमिया, म्हणजे हिमोग्लोबिन कमी, निघाला होता. धाप त्यामुळेही लागते, ते "वयाचं" म्हणून सोडून देऊ नका.

आजीचीनात:
जेवणाचं लिहिते. सकाळी चहा-बिस्कीट, डब्यात पोळी-भाजी, संध्याकाळी पुन्हा चहा-खारी, रात्री सगळ्यांचं झाल्यावर उरलेला भात आणि तळाची पातळ आमटी, असंच असतं ना? यात प्रथिनं कुठेयत? 54 किलोला दिवसाला साधारण 45 ग्रॅम तरी लागतात. एका अंड्यात 6 ग्रॅम, उसळ, घट्ट वरण, दही, शेंगदाणे, मासे, जे घरात चालतं ते प्रत्येक जेवणात हवंच. उपवासाची साबुदाणा खिचडी म्हणजे जवळपास नुसता स्टार्च, त्यापेक्षा राजगिरा, दही, शेंगदाण्याची आमटी बरी. आणि वजन कमी करायला म्हणून जेवण सोडू नका प्लीज, आहेत ते स्नायू पण जातील.

विदुला77:
वरचं सगळं पटलं, पण वेळ कुठून आणायचा हे कोणीच बोलत नाही म्हणून मला राग येतो. 2019 च्या सरकारी टाइम यूज सर्व्हेत (कोणाचा वेळ कशात जातो याची पाहणी) घरकाम करणाऱ्या बायकांची दिवसाला सरासरी 299 मिनिटं त्यात गेली आणि पुरुषांची 97. मग बाईने पहाटे पाचला उठून झोप मोडून व्यायाम करायचा का? झोप कमी झाली की भूक वाढते, गोड खावंसं वाटतं, म्हणजे उलटंच. ताई, रात्रीची भांडी नवऱ्याला आणि मुलांना द्या, तो अर्धा तास तुमचा. माझ्या घरी यावरून महिनाभर धुसफूस झाली पण आता ते ठरलेलं काम आहे.

मोगरा_डोंबिवली:
सगळ्यांचे खूप आभार. हिमोग्लोबिन आणि साखर शनिवारी करते. भांड्यांचं आज रात्रीच बोलते. पण व्यायाम नक्की कुठला, स्टेशनपर्यंत चालते तेवढं पुरत नाही का? आणि गुडघा थोडा कुरकुरतो.

सायली_के:
चालणं सोडू नका, हृदयाला चांगलंच आहे, पण स्नायूंसाठी आठवड्यातून निदान दोनदा ताकदीचा व्यायाम हवा. गुडघा दुखत असेल तर पूर्ण उठाबशा नकोत, हात न टेकता खुर्चीवरून सावकाश उठायचं आणि सावकाश बसायचं, भिंतीला टेकून पुशअप, हातात पाण्याच्या भरलेल्या बाटल्या. सोपं वाटायला लागलं की वजन वाढवा. दुखणं वाढलं तर फिजिओला दाखवा. आणि काट्यावर रोज उभं राहू नका, महिन्यातून एकदा टेपने कंबर मोजा, श्वास सोडून, पोट आत न ओढता.