मदत हवी आहे: सुरीच्या फणसाच्या लाकडी मुठीला पावसात फट पडली

नमस्कार मंडळी. वेंगुर्ल्याला आमच्या परसातलं फणसाचं झाड गेल्या नवरात्रात पडलं. त्याच्या लाकडाच्या पिवळ्या गाभ्यातून सुरीची मूठ केली, जोडीला इंचभर जाडीची चिरायची फळी. मूठ २ पितळी रिव्हेट आणि एपॉक्सी (दोन भाग मिसळून लावायचा घट्ट गोंद) लावून बसवली. उन्हाळाभर झकास! आषाढ लागला तशी फळी वाटीसारखी वाकली आणि मुठीच्या कडेला नख जाईल एवढी फट पडली. बांगडे कापले की पाणी आत शिरतं. खोबरेल चोळलं होतं, त्याला आता खवट वास येतोय. (आई म्हणते, विळी काय वाईट होती?)

जवसाचं तेल लावू की केमिस्टकडचं लिक्विड पॅराफिन (खनिज तेल)? फळी रंधा मारून सरळ होईल, की पट्ट्या जोडून नवीनच करू? लाकूड ४ महिन्यांतच कामाला घेतलं, तिथेच चुकलं का?