कोडाच्या डागावर सेल्फ टॅनर लावून पाह्यलं का कोणी?

पऱ्हाटी_यवतमाळ: माह्या दोन्ही हाताच्या बोटांवर कोडाचे डाग हायेत, चार वर्ष झाले, डॉक्टरचं मलम सुरू हाये पण बोटांचे डाग काही भरून नाही राहिले. वैशाखात भावाचं लग्न हाये. मागच्या लग्नात एका बाईनं माह्या हातची हळद लावून घेतली नाही, गाल मागं घेतला तिनं, ते अजून डोयासमोरून जात नाही. मोबाईलवर सेल्फ टॅनर दिसलं, गोरे लोक कातडी सावळी कराले लावतात ते. डागावर चालते का? वापरलं असन त खरं सांगजा.

संत्रा_वरूड: चालते ताई, मी पायाले लावते. त्यात डीएचए असते, ते कातडीच्या वरच्या मेलेल्या थरात तपकिरी होते, भाकर तव्यावर बदामी होते ना त्याच जातीची क्रिया, म्हणून कोडावर बी रंग चढते. पण लावल्या लावल्या काहीच दिसत नाही, दोन-चार तासानं दिसाले लागते, मी घाईनं दुसरा हात मारला आन सकाळी डाग नारिंगी. इअरबडनं फक्त डागाच्या आतच लाव, बाजूच्या कातडीले लागलं त ती अजून काळी दिसते. रात्री लाव, जुनी गोधडी घे, सकाळपर्यंत पाणी नको. पाच-सात दिवस टिकते पण भांडे घासणाऱ्या हातावर लवकर जाते. आन हळदीचं धुऊन झाल्यावरच लावजो, घासून निंघते.

उपकेंद्रवाली: आधी एकाच बोटावर लावून एक दिवस थांब, खाज-पुरळ आलं त सोडून दे. डॉक्टरले बी विचार, मलम बंद नको करू. यानं ऊन अडत नाही, वावरात जाताना हात झाकूनच जा, कोडाची कातडी लवकर भाजते. आन कोड शिवल्यानं होत नाही, त्या बाईले कोणीतरी सांगाले पाह्यजे होतं. दुसरं कोणी वाचत असन अन डाग बधिर असन, टोचलेलं समजत नसन, त ते कुष्ठरोगाचं असू शकते, सरकारी दवाखान्यात दाखवा, औषध फुकट हाये.

पऱ्हाटी_यवतमाळ: मधल्या बोटावर लावून पाह्यलं. सकाळी चुलीपाशी हात धरला त पह्यल्यांदा आपलंच बोट ओळखू नाही आलं. रंग जमला, पण पेराच्या घडीत काळी रेघ बसली.

संत्रा_वरूड: कोरड्या घडीत जास्त धरते ते. आधी पेरावर थोडंसं मॉइश्चरायझर चोळ, मग टॅनर लाव.

पऱ्हाटी_यवतमाळ: हाव, आज रात्री अंगठ्यावर पाहतो.