एल निनोचा पावसाच्या खंडाशी संबंध मोजायचा कसा?

चोपडेकर: वडिलांनी शेतातल्या पर्जन्यमापकावर रोज सकाळी साडेआठला मोजलेला पाऊस, १९८१ पासूनचा, वह्यांतून उतरवून एक्सेलमध्ये चढवलाय. शेत कोरडवाहू कापसाचं. एकूण किती मिलिमीटर पडला याला आमच्याकडे फार किंमत नाही. पेरणीनंतर पावसानं किती दिवस दडी मारली, यावर वर्ष ठरतं.

निनो ३.४ निर्देशांक, म्हणजे विषुववृत्तावरच्या मधल्या प्रशांत महासागराचं पाणी नेहमीपेक्षा किती गरम-थंड आहे तो आकडा, घेऊन रोजच्या पावसाशी सहसंबंध काढला, तर जवळपास शून्य. पण जुलै २००२ मध्ये देशभर निम्माच पाऊस झाला आणि ऑगस्ट २०२३ हा १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. दोन्ही एल निनोची वर्षं. एल निनोची दोन ते सात वर्षांची हालचाल आणि पावसाची दहा-पंधरा दिवसांची हालचाल यांचं नातं मोजतात तरी कसं?

गिरणाकाठ: चोपडेकर भाऊ, सहसंबंध फक्त एवढंच बघतो की एक वर गेलं की त्याच दिवशी दुसरं वर जातं का. एल निनो वर्षभर तसाच बसून राहतो, पाऊस आज पडतो नि उद्या थांबतो. मग शून्यच येणार.

आखाजीचा झोका आठवा. कधी पुढे जायचं नि कधी मागे, हे एल निनो ठरवत नाही. तो झोका किती उंच चढेल ते ठरवत असेल, तर मोजायची ती उंची. मान्सूनमध्ये असे दोन झोके ठळक आहेत: एक १० ते २० दिवसांचा, दुसरा ३० ते ६० दिवसांचा, विषुववृत्ताकडून उत्तरेला सरकणारा.

रोजच्या पावसाचं वर्गमूळ घ्या, नाहीतर एखादी ढगफुटी सगळा हिशोब खाईल. त्या तारखेची नेहमीची सरासरी वजा करा. वेव्हलेटनं, म्हणजे नोंदींतून ठरावीक मुदतीचे चढउतार वेगळे काढणाऱ्या गणिती चाळणीनं, १० ते २० दिवसांचा पट्टा काढा, त्याची उंची घ्या. मग निनोची फेज, म्हणजे तो आपल्या चक्रात त्या वेळी कुठे आहे (चढतोय, माथ्यावर आहे की उतरतोय), ती काढून तिचे सात-आठ कप्पे करा आणि प्रत्येक कप्प्यातली सरासरी उंची बघा. चेक संशोधक मिलान पालुश यांनी २०१४ मध्ये युरोपातल्या तापमानावर याच अंगानं काम केलं. सात-आठ वर्षांच्या हालचालीची फेज लहान मुदतीच्या चढउतारांची उंची बदलते, असं त्यांना दिसलं.

३० ते ६० दिवसांच्या नादी एका शेताच्या आकड्यांवर लागू नका. जून ते सप्टेंबर १२२ दिवस, त्यात असे झोके दोन-चारच बसतात.

केळीवाला_रावेर: एवढा खटाटोप कशाला भो? १९९७ चा एल निनो केवढा मोठा होता, तरी देशाचा पाऊस सरासरीइतका झालाच की.

गिरणाकाठ: म्हणूनच तर खटाटोप. २००२ आठवतं म्हणून २००२ सांगायचं, १९९७ सोडून द्यायचं, याला मोजणं म्हणत नाहीत.

चोपडेकर: कप्प्यांत फरक दिसला, तर तो योगायोग नाही हे कसं कळेल?

गिरणाकाठ: प्रत्येक पावसाळा आतून अखंड ठेवा, फक्त कोणता पावसाळा कोणत्या वर्षाच्या निनोपुढे लावायचा ते पिसा. हजार वेळा पिसून दर वेळी फरक काढा. खरा फरक वरच्या पन्नासात आला तर पुढे बोलू. आणि पाच हजार दिवसांच्या नोंदी आहेत म्हणून छाती फुगवू नका. १९८१ पासून एल निनो जेमतेम डझनभर आलेत, पुरावा तेवढाच.

धुळ्याहून: एक भर घालतो. यातून नातं कळेल, दिशा, म्हणजे कोण कोणाला ढकलतं, ते कळणार नाही. उलटंही घडतं: १९९७ च्या सुरुवातीला पश्चिम प्रशांतात काही आठवडे पश्चिमेकडून वाऱ्याचे जोरदार झोत आले आणि त्यांनी एल निनोला ढकललं. रोजच्या हवामानाचे धक्के साठत जाऊन हवामान-प्रणालीत सावकाश बदल घडतात, हे जर्मन हवामानशास्त्रज्ञ क्लाउस हासेलमान यांनी १९७६ मध्ये मांडलं. २०२१ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. दिशेसाठी पावसाचा स्वतःचा भूतकाळ बाजूला काढून निनोच्या भूतकाळातून त्याच्याबद्दल आणखी किती माहिती मिळते ते मोजतात, मग अदलाबदल करून उलट्या बाजूनं. पण त्याला आकडे फार लागतात. हवामान खात्यानं देशाच्या नकाशावर पाव-पाव अक्षांश-रेखांशाच्या चौकटी पाडल्यात, त्यांचा रोजचा पाऊस १९०१ पासूनचा आहे, त्यावर करा. खानदेशच्या सगळ्या चौकटी एकत्र घ्या.

चोपडेकर: घेतो. मधल्या एका वर्षाची वही उंदरांनी कुरतडलीय. तिथं शून्य भरू का?

गिरणाकाठ: अजिबात नाही! वेव्हलेटला तो खंडच वाटेल. तो पावसाळा सरळ वगळा.