इयोरचा फुगा

'विनी द पूह' या मुलांच्या गोष्टींतल्या पूह अस्वलाला एडीएचडी (लक्ष न टिकण्याचा विकार) नि इयोर गाढवाला डिप्रेशन, असं कुणी कुणी म्हणतं; पण हे निरीक्षण नवं नाही हो. कॅनडाच्या वैद्यकीय नियतकालिकात २००० साली डॉक्टरांनी गोष्टीतल्या अख्ख्या जंगलाचं निदान केलं होतं: पिगलेट डुकराला चिंताविकार, इयोरला डिस्थायमिया (दीर्घकाळ रेंगाळणारं सौम्य डिप्रेशन) वगैरे. पण तो डिसेंबरच्या अंकातला गमतीचा लेख. लोक मात्र तो लॅबच्या रिपोर्टासारखा नाचवतात!

इयोरच्या वाढदिवसाला काय मिळतं? फुटलेला फुगा नि मधाची रिकामी बरणी. तो फुगा बरणीत घालतो, काढतो, परत घालतो. चवथीला फोंड्याला गेलो तेव्हा भाचीला हे वाचून दाखवलं. तोंडात अर्धी नेवरी, तशीच म्हणाली, "मामा, तो खूश आसा मरे!" डिस्थायमियावाल्यांनी हे पान न वाचताच उलटलं असावं बहुतेक.