मदत हवी आहे : अमोनिया गळतीत पत्रकारांची जागा हलवायची कशी?

बुटीबोरी एमआयडीसीतल्या, अमोनियाने थंड ठेवल्या जाणाऱ्या शीतगृहाच्या ऑन-साइट (आवारापुरत्या) आपत्कालीन आराखड्यात माध्यमांचा भाग लिहितोय. प्रवक्ता एक, राखीव एक. पहिलं निवेदन अर्ध्या तासात : काय झालं, किती वाजता, आसपासच्यांनी काय करायचं. गळतीचं कारण त्यात नाही; जखमींचा आकडा जिल्हा प्रशासनच देईल. इथवर वाद नाही.

अडतंय जागेवर. गेटवर कॅमेरे जमले की बंब आणि ॲम्ब्युलन्स आत येत नाही, म्हणून माध्यम कक्ष लांब, वारा जिकडून येतो त्या बाजूला ठेवला. पण वारा फिरला की? अमोनिया हवेपेक्षा हलका खरा, तरी गळतीचा थंड, दमट ढग जमिनीलगतच सरकतो. मॉकड्रिलमध्ये विरुद्ध दिशेला दुसरी जागा ठेवून पाहिली. लाइव्ह सुरू असलेले यूट्यूबवाले हलेनात. दोरी बांधली तर गार्डशी हुज्जत, आणि मग तीच बातमी! प्रवक्ता आधी निघाला तर ‘अधिकारी पळाले’ ही पट्टी ठरलेली.

पोलीस येईपर्यंत गार्ड मोजकेच. अशा वेळी हलवण्याचा आदेश इन्सिडंट कंट्रोलरने (घटनास्थळी सूत्रं सांभाळणारा अधिकारी) द्यावा की प्रवक्त्याने? विंडसॉक (वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी) फिरताच, की कक्षाजवळच्या मीटरवर अमोनिया 25 पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत 25 भाग) दिसल्यावर?